नाचाच्या संध्याकाळचा हिशोब : कर्वे रस्त्याजवळच्या सोशलच्या प्रकल्प नोंदी

८ जुलै २०२५, मंगळवार

ठरलं. पुण्यात नदीच्या या बाजूला, डेक्कन ते कोथरूड पट्ट्यात, साल्सा-बचाटा या जोडीने करायच्या लॅटिन नाचांचा नियमित सोशल सुरू करायचा. आम्ही चौघं: दोघं शिकवणारे, एक डीजे मैत्रीण, आणि हिशोब-नोंदी माझ्याकडे.

ज्यांनी सोशल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच. यात प्रयोग नसतो, स्पर्धा नसते. आधी तासभर नवशिक्यांचा क्लास, मग तीन-चार तास गाणी. ओळख असो-नसो, समोरच्याला विचारायचं, एक गाणं सोबत नाचायचं, आभार मानायचे आणि पुढच्याकडे वळायचं. आयटीतला माणूस, शाळेतल्या बाई, निवृत्त बँकवाले काका, सगळे एका फ्लोअरवर. पुण्यात अनोळखी माणसांनी एकमेकांशी इतक्या सभ्यपणे वागण्याच्या जागा फार नाहीत, म्हणून हे काम मला मनापासून करायचं आहे.

आम्ही जातो ते बहुतेक सोशल कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, बाणेरच्या बारमध्ये असतात. रात्री अकराला कोथरूडला परतायचं तर रिक्षाचे पैसे एंट्रीपेक्षा जास्त होतात. शिवाय यातले बरेच सोशल काही महिने चालतात आणि बंद पडतात. लोक येत असताना बंद पडतात, हे मला कळत नव्हतं. म्हणून पहिला प्रश्न जागेचा घ्यायचा नाही. पहिला प्रश्न: या संध्याकाळचे पैसे नेमके कोण देतं?

११ जुलै, शुक्रवार

बाणेरच्या एका बारच्या मॅनेजरना भेटलो. माणूस सरळ, हिशोब उघड करून दाखवला.

"मॅडम, तुमचे लोक चांगले आहेत. भांडण नाही, कुणाला धरून बाहेर काढावं लागत नाही. पण पाणी पितात हो सगळे."

खरं आहे. तीन तास टर्न घ्यायचे, समोरच्याचा तोल सांभाळायचा, घाम गाळायचा, वर गाडी चालवत घरी जायचं, त्यात दारू कोण घेणार? एक लिंबू सोडा, दोन पाण्याच्या बाटल्या, फार तर चौघांत एक फ्रेंच फ्राइज. फ्लोअरसाठी जो उत्तम पाहुणा, तोच गल्ल्यासाठी सगळ्यात वाईट. त्यात फ्लोअर मोकळा करायला मधली टेबलं उचलावी लागतात, म्हणजे खाणारी-पिणारी गिऱ्हाइकं बसणार तीच जागा जाते.

त्यांची अट: गुरुवार देतो, भाडं नको, पण ४०,००० रुपयांच्या बिलाची मिनिमम गॅरंटी. कमी पडेल ते आम्ही भरायचं. मी तिथेच टिपण काढलं. साठ माणसं आली आणि प्रत्येकाने सरासरी २५० रुपये खर्च केले तर १५,०००. उरलेले २५,००० आमच्या खिशातून. एंट्री ३०० ठेवली तरी येतात १८,०००, आणि त्यातून अजून डीजेचे द्यायचे आहेत.

दुसरा प्रस्ताव: ५०० रुपये एंट्री आणि ती पूर्ण रक्कम खाण्यापिण्यातून वळती. नाचणाऱ्याला वाटतं एंट्री फुकट पडली. प्रत्यक्षात ते सगळे पैसे बारचे, आयोजकाला त्यातून काही नाही. आयोजकाने मग जगायचं कशावर, तर आधीच्या क्लासवर.

बारवाले सोशलला मंगळवार, बुधवार, गुरुवारच का देतात हेही यात आलं. त्या दिवशी टेबलं तशीही रिकामी असतात. भरलेली जागा दिसली की रस्त्यावरून जाणारा आत डोकावतो, रील्स निघतात, नाव होतं. शुक्रवार-शनिवार चांगले जायला लागले की हा तात्पुरता पाहुणचार संपतो.

१४ जुलै, सोमवार

आज राज्यभर परमिट रूम आणि बार बंद. नोव्हेंबर २०२३ मध्ये परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट ५ वरून १० टक्के झाला होता. यंदा परवाना शुल्क १५ टक्क्यांनी वाढलं आणि गेल्या महिन्यात उत्पादन शुल्कही वाढलं. त्याचा हा निषेध. मॅनेजरना सवड होती, त्यांनीच चहाला बोलावलं.

हा बंद आमच्या कामाशी थेट जोडलेला आहे. दारूवर कर वाढला की प्रत्येक ग्लासामागे बारच्या हातात कमी उरतं, आणि पाणी पिणाऱ्या साठ जणांना सांभाळून घेण्याची ताकद आणखी घटते. नाचाचा खर्च ग्लासात लपवलेला असला की ग्लासावरचा प्रत्येक आघात नाचावर येतो.

हे आधी घडून गेलेलं आहे. अमेरिकेत १९४४ मध्ये कॅबरे कर आला. जिथे गाणं किंवा नाच आहे तिथल्या खाण्यापिण्याच्या बिलावर आधी ३० टक्के, त्याच वर्षी उतरवून २० टक्के. नुसती वाद्यं वाजली तर कर नाही. जागोजागी मालकांनी 'इथे नाचू नये' अशा पाट्या लावल्या. तो कर पूर्ण जायला १९६५ उजाडलं. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि ५३व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर पॅलेडियम बॉलरूम होता, ज्या मॅम्बो या क्युबन वळणाच्या नाचातून पुढे आजचा साल्सा आला त्याचं घरच. १९६१ मध्ये त्याचा मद्य परवाना गेला आणि १९६६ मध्ये तो बंद झाला. वाद्यवृंद उत्तम, नाचणारे उत्तम, गर्दीही होती.

त्याच पॅलेडियममध्ये बुधवारी आधी मॅम्बोचे धडे आणि मग नाच, असा रिवाज होता. आज पुण्यात आपण 'आठला क्लास, नऊपासून सोशल' लिहितो ते त्याच वळणाचं आहे. नवा माणूस आत आणायचा याहून चांगला मार्ग कुणाला सापडलेला नाही.

२० जुलै, रविवार

आज नवी दिशा. कर्वे रस्त्याला लागून आतल्या गल्लीत एक जुनं मंगल कार्यालय. आमच्यातल्या एकाची मुंज इथेच झाली होती.

आषाढी एकादशी ६ तारखेला झाली, चातुर्मास लागला. लग्नाचे मुख्य मुहूर्त आता थेट तुळशीच्या लग्नानंतर. मधल्या चार महिन्यांत कार्यालयाला साठीशांत, डोहाळजेवण, बारसं, साड्यांचं प्रदर्शन एवढाच आधार. पगार, मिळकतकर, विजेचा स्थिर आकार मात्र सुरूच. म्हणजे बारला जसा गुरुवार, तसा यांना आख्खा चातुर्मास.

मालक सत्तरीचे. आम्ही काका म्हणतो.

"नाच म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?" काकांनी विचारलं.

"काका, जोडीने नाच असतो. दारू नाही, सिगारेट नाही. दहाला बंद."

"आणि जेवण?"

"जेवण नाही. सरबत आणि पाणी."

"मग केटररचं काय होणार?" ते खरंच काळजीत पडले. कार्यालयाचं अर्धं उत्पन्न पंगतीतून येतं, हे मला तिथे कळलं. नुसत्या हॉलचं भाडं त्यांनी वेगळं कधी काढलंच नव्हतं. शेवटी आकडा आला: वरचा हॉल, संध्याकाळी पाच ते साडेदहा, ९,०००. वीज मीटरप्रमाणे, सफाई वेगळी.

मग फरशी. यावर आम्ही तासभर घालवला आणि तो वाया गेला नाही. नाचाच्या बुटांना तळाला सुएड असतं, ते धड घसरतही नाही आणि धड चिकटतही नाही. चौघांनी चार कोपऱ्यांतून सुरुवात केली, बेसिक म्हणजे मूळ पावलं करत, टर्न घेत मध्यापर्यंत आलो. मधली फरशी वर्षानुवर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झालेली, छान वळता येतं. स्टेजसमोरच्या दोन ओळींचे सांधे किंचित वर आले आहेत, टाच अडकते. भटारखान्याच्या दाराकडचा भाग तुपकट, इतक्या पंगती वाढल्या गेल्या तिथे. गुडघ्यावर बसून बोट फिरवलं तर हाताला ओशट लागतं. तिथे नाचायचं नाही, तिथे पाण्याचं टेबल. काही जण अशा फरशीवर पावडर टाकतात. आपण टाकायची नाही. पाच मिनिटं बरं वाटतं, मग कुणीतरी पडतं.

दगडी फरशीची खरी अडचण गुडघ्यांची आहे. खाली लाकूड आणि त्याखाली थोडी पोकळी असेल तर फ्लोअर दणका पोटात घेतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९२६ ला उघडलेल्या सॅव्हॉय बॉलरूमचा फ्लोअर मेपल लाकडाचा होता आणि इतका वापरला जाई की दर काही वर्षांनी बदलावा लागे. त्यांनी फ्लोअरला खर्चाची बाब मानलं. आपल्याकडे बार असो की कार्यालय, फ्लोअरसाठी म्हणून कुणी पैसे घालत नाही, कारण फ्लोअर कुणी विकत घेत नाही.

चार तास एवढी मर्यादा ठेवली तर ही फरशी चालेल.

२६ जुलै, शनिवार

काल श्रावण लागला. गटारी झाली आणि बार ओस पडले. मॅनेजरचा फोन: गॅरंटी २०,०००, शिवाय साउंड त्यांचा. निम्म्यावर आले.

गटात आज बराच वाद झाला. डीजे मैत्रिणीचं म्हणणं, साउंड तयार, एसी तयार, दिवे तयार, हे सोडू नये. रास्त आहे. पण ही सवलत श्रावणाची आहे, आपली नाही. गणपती झाले की नवरात्र, दिवाळी, मग थर्टीफर्स्टचा मोसम, आणि आपण पुन्हा चाळीस हजारांवर. तोवर आपल्या लोकांना गुरुवारची सवय लागलेली असेल आणि त्यांना घेऊन नवी जागा शोधत फिरावं लागेल.

मी ठामपणे मांडलं: नाचणाऱ्याने फरशीचे आणि वेळेचे पैसे उघड द्यावेत, आणि ती रक्कम किती व का हे त्याला दिसावं. बाकी तिघांनी मान्य केलं. कार्यालय पक्कं, पहिला सोशल १७ ऑगस्टला, रविवारी सहा ते दहा.

खर्चाचा अंदाज: हॉल ९,०००, वीज व एसी १,८००, साउंड भाड्याने २,५००, डीजे २,५००, सफाई ५००, पाणी-सरबत ९००, संगीत परवान्यासाठी बाजूला २,०००. एकूण १९,२००. एंट्री ३००. क्लासचे जास्तीचे २००, त्यातले निम्मे शिकवणाऱ्याला. क्लासला वीस जण धरले तर ५८ माणसांवर खर्च निघतो.

३ ऑगस्ट, रविवार

परवानग्या. कंटाळवाणं काम, पण सोशल मध्येच बंद पडतात त्याचं मोठं कारण इथे असतं.

आवाज: रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, हा ध्वनिप्रदूषण नियम २००० पासूनचा. बंदिस्त सभागृहाला त्यात सूट आहे, पण आवाज बाहेर जाता कामा नये. निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. आमच्या हॉलच्या खिडक्या जुन्या, झडपांच्या, आणि समोर सोसायटीची बाल्कनी. काकांचा स्वतःचा नियम दहाचा आहे. तोच पाळायचा.

संगीत: दोन वेगळे हक्क. ध्वनिमुद्रणाचे बऱ्याचदा पीपीएल या संस्थेकडे, रचना आणि शब्दांचे आयपीआरएस या संस्थेकडे. बारकडे बहुधा वर्षाचा परवाना असतो, त्यामुळे तिथल्या आयोजकाला हा खर्च दिसतच नाही. स्वतःचा हॉल घेतला की तो आपल्या वहीत येतो. आम्हाला तो वहीतच हवा आहे. ज्यांच्या गाण्यावर चार तास नाचायचं त्यांना काही द्यायचं नाही, हे पटत नाही.

पोलीस: अर्जात 'डान्स' वाचलं की महाराष्ट्रात वीस वर्षांचा इतिहास समोर उभा राहतो. २००५ ची डान्स बार बंदी, २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, २०१६ चा नवा कायदा, जानेवारी २०१९ मध्ये त्याच्या काही अटी रद्द. आपला त्याच्याशी संबंध नाही, तरी समोरच्या अधिकाऱ्याने सावध असणं स्वाभाविक आहे. म्हणून अर्जात स्वच्छ लिहिलं: जोडीनृत्याचा वर्ग आणि सराव, मद्य नाही, प्रेक्षक नाहीत, वेळ रात्री दहापर्यंत. सोबत काकांचं संमतीपत्र.

१७ ऑगस्ट, रविवार

झाला. कालच दहीहंडी झालेली, तीन दिवस सलग सुट्टी, निम्मं पुणे लोणावळ्याला, तरी लोक आले.

दाराशी एक टेबल, क्यूआर कोड, वही, मनगटावर शिक्का. स्पीकरवाला क्यूआर मुद्दाम ठेवला नाही, दर माणसामागे 'तीनशे रुपये प्राप्त झाले' हे गाण्याच्या वर ऐकू येतं. टेबलाशेजारी खर्चाचा तक्ता मोठ्या अक्षरांत लावला होता. लोक थांबून वाचत होते. एक ताई म्हणाल्या, "अहो, हॉललाच नऊ हजार? मग तीनशे बरोबर आहेत." एवढंच हवं होतं.

बारमधल्या सोशलला क्वचित दिसणारी माणसं आली. मुलीला सोबत घेऊन आलेली आई. वनाजकडचे पन्नाशीचे जोडपे, ज्यांना बारमध्ये जायचंच नव्हतं. विमाननगरहून तिघी मेट्रोने आल्या, रामवाडीला बसल्या, नळ स्टॉपला उतरल्या, आणि सोशल दहाला संपल्यामुळे मेट्रोनेच परत गेल्या. दहाची मर्यादा आम्ही अडचण म्हणून धरली होती. या तिघींसाठी तीच सोय ठरली.

पाण्याचे वीस लिटरचे तीन जार संपले. चौथा काकांनी स्वतः वर पाठवला.

१८ ऑगस्ट, सोमवार

पैसे भरून ६३ जण. १८,९००. क्लासला २२, त्यातला आमचा निम्मा वाटा २,२००. जमा २१,१००. वीज अंदाजापेक्षा ४५० ने जास्त, एकूण खर्च १९,६५०. शिल्लक १,४५०.

शिल्लक दिसते खरी, पण चौघं दुपारी चारपासून रात्री अकरापर्यंत राबलो त्याचे पैसे यात नाहीत. प्रत्येकाचे हजार धरले तर २,५५० तूट. बहुतेक सोशल याच जागी फसतात. आयोजकाचे कष्ट प्रेमाखातर म्हणून शून्य धरले जातात, वर्षभरात प्रेम शिल्लक राहतं आणि माणूस थकतो. पुढच्या वेळेपासून कामाचे पैसे खर्चात, एंट्री ३५०, आणि तक्त्यावर ही ओळही लावायची.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपती. आज गौरी आल्या. कुणाला विचारण्यात अर्थ नाही. तारीख सोडली.

१४ सप्टेंबर, रविवार

दुसरा सोशल. पितृपक्ष सुरू, कार्यालयात आठवडाभर काहीच नाही, काकांनी आपणहून भाडं ८,००० केलं. ५८ जण, ३५० प्रमाणे २०,३००, क्लासचा वाटा १,८००, जमा २२,१००. आमच्या कामाचे ४,००० धरून खर्च २२,६००. पाचशे कमी. एंट्री वाढल्याची तक्रार एकानेच केली, आणि तो क्लासलाही थांबला होता.

दोन गोष्टींवर चर्चा झाली.

पहिली, मुलींना मोफत प्रवेश. पबमध्ये ही पद्धत रुजलेली आहे, एकट्या मुलग्याकडून जास्त घ्यायचं, मुलींना फुकट. आम्ही सगळ्यांना एकच दर ठेवला आणि तो बदलायचा नाही. ज्या मुलीला फुकट बोलावलं तिला दुसऱ्या कुणाच्या गिऱ्हाइकीसाठी बोलावलेलं असतं, आणि ते तिला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. लीड म्हणजे नाच चालवणारा आणि फॉलो म्हणजे त्याला साथ देणारा, यांचं प्रमाण जुळवायचं तर क्लासमध्ये दोन्ही बाजू शिकवाव्यात. आज चार मुली लीड करत होत्या, उत्तम करत होत्या.

दुसरी, शिकवणाऱ्यांचा हिशोब. सोशलमध्ये तोटा सोसून क्लासमध्ये भरून काढायचा, हा या क्षेत्राचा रूढ मार्ग. नवशिक्या आला, आवडलं, महिन्याची बॅच लावली, मग वर्कशॉप, मग वीकेंड फेस्टिवलचा पास. फेस्टिवलला हॉटेल बॉलरूम स्वस्तात किंवा फुकट देतं, कारण आयोजक खोल्या भरण्याची हमी देतो. यात गैर काही नाही, शिकवणाऱ्यांनी कमवावं. पण सोशल जर एका अकादमीच्या जाहिरातीवर चालत असेल तर दुसऱ्या अकादमीची मुलं तिथे येत नाहीत, आणि अनोळखी माणसांनी एकत्र नाचण्याचा हेतूच उरत नाही. म्हणून आमच्याकडे क्लास दर वेळी वेगळ्या शिक्षकाचा, कुठल्याही अकादमीतला.

२८ सप्टेंबर, रविवार

नवरात्र. साउंडवाल्याने हात वर केले, सगळे स्पीकर गरब्याला. दुसऱ्याने दुप्पट भाव सांगितला. सोशल घेतला नाही.

संध्याकाळी एका मैदानावरचा गरबा हिशोबाच्या नजरेने बघून आलो. पास आहेत, पण मोठी रक्कम कमानीवरच्या बिल्डर आणि सराफांच्या नावांतून येते, आणि खाण्याच्या स्टॉलच्या भाड्यातून. नऊ रात्रींत वर्षाचं निघतं. दर पंधरवड्याला भेटणाऱ्या साठ माणसांना असा प्रायोजक मिळणं अवघड.

परतताना तमाशाच्या फडांवर बोलणं निघालं. जिल्ह्यातल्याच नारायणगावला गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या देतात. सुपारीच्या खेळात रक्कम आधी ठरते, गर्दी हा गावाचा प्रश्न. तिकिटाच्या खेळात पाऊस आला तर फडमालक बुडतो. आमच्याकडे डीजे, साउंड, हॉल सगळे सुपारीवर आणि आम्ही चौघंच तिकिटावर. धोका थोडा वाटून घ्यायला हवा, एवढं बोलून सगळे घरी गेले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काकांकडे बैठक. तुळशीचं लग्न झालं की रविवार मिळणार नाहीत, लग्नाच्या एका दिवसाचं भाडं आमच्या कित्येक सोशलइतकं, ते सोडा म्हणणं चूक होईल. मी वही समोर ठेवली, दोन्ही सोशलचे आकडे दाखवले आणि प्रस्ताव दिला: मोसमात मुहूर्त नसलेला बुधवार, खालचा छोटा हॉल, ठरलेलं भाडं ४,००० आणि चाळीसच्या वर प्रत्येक माणसामागे ५० रुपये. गर्दी कमी तर त्यांनाही कमी, जास्त तर त्यांनाही जास्त.

काकांनी कॅल्क्युलेटर मागवला, दोनदा मोजलं. "पन्नास नको, साठ करा. आणि सरबत आमच्या केटररचं घ्यायचं."

साठ मान्य. सरबताचा दर ठरायचा आहे. खालच्या हॉलची फरशी तपासायला शनिवारी सकाळी जायचं, बूट आणायचे. स्टेजसमोरचे सांधे घासून घेण्याचा अंदाज फरशीवाल्याकडून मागवला आहे. तो खर्च काका आणि आम्ही निम्मा निम्मा.